बिल्ड झाला, पण क्लिपबोर्ड गेला

प्रश्न : ताई, लिनक्सवर विम एडिटरचा सोर्स कोड उतरवून मी स्वतः बिल्ड केला. कुठेही एरर आला नाही, विम सुरूही होतो. पण त्यात कॉपी केलेला मजकूर ब्राउझरमध्ये पेस्ट होत नाही. पॅकेजमधून आलेल्या विममध्ये तो होत होता. शोधाशोध करून हवी ती पॅकेजेस टाकली, पुन्हा कॉन्फिगर आणि मेक केलं, तरी पहिले पाढे पंचावन्न. काय चुकतंय? आणि नवा सोर्स आला की दर वेळी हे सगळं करायचं का?

उत्तर : तुम्ही दोनदा अडकलात, आणि दोन्ही वेळची कारणं वेगळी आहेत.

पहिल्यांदा फसवलं ते कॉन्फिगरने, म्हणजे बिल्डआधी संगणकावर काय काय आहे ते तपासणाऱ्या स्क्रिप्टने. टर्मिनलची लायब्ररी, म्हणजे एनकर्सेस, सापडली नाही तर तो तिथल्या तिथे थांबतो आणि स्पष्ट सांगतो. पण एक्स-११ आणि एक्सटी या पडद्यावरच्या खिडक्या आणि क्लिपबोर्ड सांभाळणाऱ्या लायब्ररींच्या हेडर फाइल्स, म्हणजे त्यांत काय काय आहे ते कंपायलरला सांगणाऱ्या फाइल्स, नसल्या तर मूग गिळून पुढे जातो. शेकडो ओळी सरकत असतात, त्यात एक ‘नो’ येऊन जातो आणि क्लिपबोर्डशिवायचा विम तयार होतो. बाकीचे सगळे प्रोग्रॅम तर चालतात, मग हे कसं, असं वाटेल. चालायला नुसती लायब्ररी पुरते. कंपाइल करायला हेडरही लागतात. ते डेबियन-उबुंटूमध्ये ‘डेव्ह’ आणि फेडोरामध्ये ‘डेव्हल’ अशी शेपटी असलेल्या पॅकेजमध्ये असतात.

दुसऱ्यांदा तुम्ही पॅकेजेस बरोबर टाकलीत, पण कॉन्फिगरने पुन्हा शोधलंच नाही. आधीची उत्तरं त्याने सोर्सच्या ‘एसआरसी’ डिरेक्टरीतल्या ‘ऑटो’ डिरेक्टरीत, कॉन्फिग-कॅश नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवली होती. तीच वाचून दाखवली. ‘मेक डिस्टक्लीन’ करा, म्हणजे ती फाइल जाईल, आणि मग कॉन्फिगर तुमच्या सगळ्या पर्यायांसकट पुन्हा चालवा. ‘मेक रीकॉन्फिग’ असाही सोपा मार्ग आहे, पण कॉन्फिगरला हाताने दिलेले पर्याय त्यात गळतात. मी त्या वाटेला जात नाही.

इन्स्टॉल करण्याआधी ‘एसआरसी’मध्ये तयार झालेला विम ‘व्हर्जन’ पर्याय देऊन चालवा. वैशिष्ट्यांच्या यादीत ‘क्लिपबोर्ड’च्या आधी अधिक चिन्ह हवं. वजा दिसलं तर इन्स्टॉल करून काहीही बदलणार नाही. हा विम तिथूनच वापरून बघायचा असेल तर ‘विमरनटाइम’ हे व्हेरिएबल सोर्समधल्या ‘रनटाइम’ डिरेक्टरीकडे वळवा. नाहीतर नवा प्रोग्रॅम जुन्या रनटाइम फाइल्स (रंग, मदत वगैरेंच्या, चालताना लागणाऱ्या फाइल्स) उचलतो आणि भलत्याच ठिकाणचे एरर दाखवतो.

इन्स्टॉल केल्यावरही वजाच दिसला तर चिडू नका. मी एकदा अख्खी संध्याकाळ तीन वेळा बिल्ड करण्यात घालवली, आणि बिल्ड पहिल्यापासून बरोबर होता! बॅशने, म्हणजे टर्मिनलमध्ये आपल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, जुन्या विमचा पत्ता लक्षात ठेवला होता आणि मला तोच उघडून देत होता. ‘हॅश’ कमांड उणे-आर लावून दिली की तो पत्ता विसरतो. नवा टर्मिनल उघडला तरी चालतं.

आता देखभालीचं. पहिलं काम म्हणजे कॉन्फिगरची ती लांबलचक ओळ एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवा. ‘व्हर्जन’च्या खाली कंपाइल आणि लिंकच्या कमांड छापलेल्या असतात, पण कॉन्फिगरला तुम्ही काय सांगितलं होतं ते तिथे नसतं. सहा महिन्यांनी ते आठवणार नाही, मला तरी कधी आठवलं नाही. माझ्या ओळीत ‘प्रिफिक्स’, म्हणजे इन्स्टॉल करायची जागा, होम डिरेक्टरीतला असतो, म्हणून इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड लागत नाही.

सोर्स दर वेळी नव्याने उतरवू नका. गिट या कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमने एकदा क्लोन करा, म्हणजे पूर्ण प्रत घ्या, पुढे नुसतं पुल, म्हणजे फक्त नवे बदल ओढा. विममध्ये जवळजवळ प्रत्येक बदलाला, म्हणजे पॅचला, क्रमांक असतो. १९९१ मध्ये विम पहिल्यांदा बाहेर आणणारे ब्राम मोलेनार ऑगस्ट २०२३ मध्ये गेले. त्यांच्यामागे ख्रिश्चन ब्राबांट यांनी धुरा घेतली, २ जानेवारी २०२४ ला ९.१ ही आवृत्ती आली, आणि क्रमांकांची शिस्त टिकून राहिली. तिचा उपयोग काहीतरी बिघडतं तेव्हा कळतो. समजा पुल केल्यावर पाचशे पॅच एकदम आले आणि रंग नीट दिसेनासे झाले. गिटच्या ‘बायसेक्ट’ कमांडला चांगल्या आणि वाईट पॅचचा टॅग (नावाची खूण) सांगायचा, तो मधला पॅच काढून देतो, आपण बिल्ड करून चांगला की वाईट ते सांगायचं. दर वेळी निम्मे बाद होतात, म्हणजे साधारण नऊ बिल्डमध्ये दोषी पॅच हातात येतो. ‘पॅच अमुकपासून असं होतं’ एवढं लिहिलेली तक्रार देखभाल करणाऱ्यांना फार उपयोगी पडते. ‘चालत नाही’ या तक्रारीतून त्यांच्या हाती काहीच लागत नाही.

रोज पुल करण्याची गरज नाही. सुरक्षेची दुरुस्ती आली किंवा एखादी नवी सोय खरंच हवी असली, तरच मी बिल्ड करते. आणि पॅकेजमधून आलेला विम काढून टाकू नका. प्रिफिक्स वेगळा असल्यामुळे दोघं सुखाने नांदतात, आणि सिस्टीम अपग्रेडमध्ये एखादी लायब्ररी बदलून तुमचा विम उघडेनासा झाला, तर ती स्क्रिप्ट दुरुस्त करायला तोच जुना विम लागेल.