मसालेभात पंगतीतल्यासारखा का होत नाही?

आपण विचारले आहे की, नोकरीनिमित्त पुण्यात राहू लागल्यापासून घरी मसालेभात आणि पुलाव करून पाहिले, विकतचा बिर्याणी मसाला दुप्पटसुद्धा घातला, तरी भात नुसता तिखट होतो, चव मात्र त्यात उतरत नाही. उलट इथल्या मंगल कार्यालयात पंगतीत वाढला जाणारा मसालेभात दिसायला साधा असूनही पहिल्या घासापासून चवदार लागतो, तर हे कशामुळे होते? मी आचारी नाही. कोथरूडला राहणारा निवृत्त गृहस्थ आहे, आणि आमच्या घरी रविवारचा भात करण्याचे काम गेली वीसेक वर्षे माझ्याकडे असल्यामुळे आपण केलेल्या बहुतेक चुका माझ्याही करून झालेल्या आहेत.

मूळ अडचण मसाल्याच्या प्रमाणात नसून तो केव्हा आणि कशात पडतो यात आहे. लवंग, दालचिनी, शहाजिरे, दगडफूल यांचा वास ज्या अंगभूत तेलांमुळे येतो, ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत. साध्या तेलात किंवा तुपात मात्र चटकन उतरतात. त्यामुळे उकळत्या पाण्यात वरून मसाला भुरभुरला, तर त्याचा वास बराचसा वाफेबरोबर निघून जातो, उरलेला चोथा तळाशी बसतो आणि जिभेला तेवढे तिखट जाणवते. दक्षिणेकडचा पुळियोगरे आठवून पाहावा. त्यात भात आधीच शिजवून मोकळा केलेला असतो आणि चिंचेचा मसाला तिळाच्या तेलात आटवून नंतर कालवतात, तरीही प्रत्येक शिताला चव असते, कारण मसाला तेलातून आलेला असतो.

बिर्याणी मसाल्याविषयी माझे मत जरा कडक आहे: मसालेभातात तो घालूच नये. दमाच्या बिर्याणीत तांदूळ आधी वेगळा अर्धाकच्चा शिजवून थरावर थर लावतात, त्यामुळे एका घासात नुसता सुवासिक भात आणि पुढच्या घासात मसाला येणे हेच तिथे अपेक्षित असते, आणि जायपत्री, वेलदोडा यांचा भरही त्यासाठीच असतो. मसालेभात सगळा एकाच भांड्यात, पाणी शोषून शिजतो. त्याला धणे-खोबऱ्याचा, किंचित गोडसर मसाला हवा. घरात ताजा गोडा मसाला असेल तर त्याच्यावर काम भागते. नसेल, तर दोन वाट्या तांदळासाठी दोन चमचे धणे, एक चमचा जिरे, दोन चमचे किसलेले सुके खोबरे, एक चमचा तीळ, चार लवंगा, चार मिरे, बोटाच्या पेराएवढी दालचिनी आणि दगडफुलाची एक लहान पाकळी एवढे पुरते. हे जिन्नस वेगवेगळे भाजावेत, कारण धणे खमंग व्हायला वेळ घेतात आणि तेवढ्या वेळात तीळ करपून कडू होतात. दगडफूल कोरडे हुंगले तर त्याला मातकट वासाखेरीज काही नसते. थेंबभर तेलात परतले की ते एकदम ओळखीचे वाटू लागते. कुटलेला मसाला त्याच दिवशी वापरावा. आठ दिवसांनी तो खराब होत नाही, पण निम्मा मुका झालेला असतो.

आता प्रत्यक्ष कृती. जाड बुडाच्या पातेल्यात चार मोठे चमचे तेल तापवावे. एवढे तेल पाहून आपला हात आखडेल, पण तिथे काटकसर करू नये. मोहरी तडतडली की हिंग, हळद, तमालपत्र आणि कढीपत्ता घालून त्यावर उभी चिरलेली तोंडली, वांग्याच्या फोडी आणि भिजवलेले काजू टाकावेत. तोंडली कडेने जराशी सुरकुतली, की आच मंद करून कुटलेला मसाला घालावा आणि अर्धा-पाऊण मिनीट परतावा. इथे वासाकडे लक्ष ठेवावे लागते: आधी येणारा कच्च्या धण्याचा वास बदलून खोबरे भाजल्यासारखा झाला, की लगेच धुऊन अर्धा तास निथळत ठेवलेले तांदूळ आत जायला हवेत, कारण त्यानंतर दहा सेकंदांतही मसाला जळू शकतो. तांदूळ चार-पाच मिनिटे हलक्या हाताने परतावेत. पहिल्यांदा ते एकमेकांना चिकटून ढेकळासारखे फिरतात, मग सुटे होतात, आणि शेवटी उलथने फिरवताना पातेल्यात खुळखुळ असा कोरडा आवाज येऊ लागतो. तो आवाज येईपर्यंत पाणी घालायचे नाही, ही माझ्या आईची शिस्त होती. त्या चार मिनिटांत प्रत्येक दाण्याला मसाल्याच्या तेलाचा हात लागतो, आणि मला विचाराल तर सगळी कमाई तिथेच होते.

पाणी आधणाचेच घालावे. गार पाणी ओतले, तर तापलेला मसाला एकदम निवतो आणि उकळी येईपर्यंत दाण्याचे पीठ सुटून भात चिकट होतो. मीठ घातल्यावर हे पाणी चमच्याने चाखून पाहावे. ते आमटीपेक्षा थोडे खारट लागले पाहिजे, कारण त्यातले मीठ पुढे तांदळालाही वाटून घ्यायचे असते. घरचा भात बेचव लागण्याचे निम्मे कारण कमी पडलेले मीठच असते, आणि आपण दोष मसाल्याला देतो. चमचाभर घुसळलेले दही याच वेळी घातले, तर चव आणखी उठते.

पाण्याच्या मापाबद्दल माझी एकदा चांगलीच फजिती झाली होती. घरच्या सत्यनारायणाला पंचवीस माणसांसाठी मी नेहमीच्याच हिशेबाने, म्हणजे तांदळाच्या दुप्पट, पाणी ओतले आणि तीन किलो तांदळाचा सरळ गिचका झाला. पुढे एका कार्यालयातल्या म्हाताऱ्या आचाऱ्याला हे सांगितले, तेव्हा तो हसून म्हणाला, "साहेब, तांदूळ पितो तेवढंच पाणी त्याचं, बाकीचं वाफेचं. पातेलं मोठं झालं म्हणून वाफ काही दसपट होत नाही." हिशेब खरोखरच तसा आहे. तांदूळ स्वतःच्या मापाच्या आसपास पाणी शोषतो आणि वरचे पाणी उडून जाण्यासाठी असते, म्हणून दोन वाट्यांना चार वाट्या पाणी लागले, तरी मोठ्या प्रमाणावर ते गुणोत्तर कमी करावे लागते. आपण एकटीसाठी एकच वाटी लावत असाल, तर उलट दुपटीहून थोडे जास्त पाणी लागेल. कुकरमध्ये वाफ कमी उडत असल्याने पाणीही कमी लागते. मी मात्र मसालेभात कुकरमध्ये लावत नाही, कारण शिट्टीबरोबर घरभर दरवळतो तो वास भातातूनच निघून गेलेला असतो. पातेल्यावर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी घालण्याची जुनी रीत मला जास्त पटते: वाफ आतच निवून खाली गळते, आणि कमी पडले तर तेच गरम पाणी वापरता येते. पाणी आटले की पातेल्याखाली तवा सरकवून अगदी मंद आचेवर पाच मिनिटे, मग गॅस बंद करून दहा मिनिटे. मध्ये झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरावा.

तांदळाविषयी थोडेसे. पुण्यात सहज मिळणारा इंद्रायणी हा आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने काढलेला वाण असून तो १९८७ साली प्रसारित झाला. वासाला तो उत्तम, पण स्वभावाने चिकट, म्हणून तो वरण-भातासाठी ठेवावा. मसालेभाताला जुना आंबेमोहर मिळाला तर फारच छान; आंब्याच्या मोहरासारख्या वासावरून त्याला हे नाव पडले आहे. मात्र या नावाने विकला जाणारा सगळाच तांदूळ मुळशी-मावळातला नसतो, तेव्हा आधी पावशेर आणून शिजवून पाहावा आणि मगच पोते बांधून घ्यावे. तसा मिळाला नाही तर जुना कोलम निःशंकपणे घ्यावा, दाणा मोकळा राहतो. बासमती मी या भाताला वापरत नाही. त्याचा स्वतःचा वास गोड्या मसाल्याशी भांडतो, असे माझे मत आहे, आणि आमच्या घरात ते सर्वांना मान्य नाही.

मटार ताजे असतील तर तोंडल्यांबरोबर आणि गोठवलेले असतील तर पाणी आटत आल्यावर घालावेत. ओले खोबरे आणि कोथिंबीर पातेल्यात कालवू नये, वाढताना ताटातच वरून घालावी आणि त्यावर साजूक तूप सोडावे. उरलेला भात मग दुसऱ्या दिवशीच्या डब्यालाही चालतो, नाही तर पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यात खोबरे घातलेला भात संध्याकाळपर्यंतच आंबूस लागू लागतो.