आधी रंग काढून बघा

यावेळच्या बऱ्याचशा पत्रांची गाडी एकाच ठिकाणी अडलेली आहे: रंग भडक, तरी मजकूर दिसत नाही. त्या प्रश्नाला सविस्तर उत्तर दिलंय, बाकीच्यांना थोडक्यात.

प्रश्न: फोटोतला विषय तृतीयांश रेषेवरच हवा का? मधोमध घेतला तर चूक?

चूक नाही. तृतीयांश रेषा म्हणजे चौकटीचे तीन सारखे भाग पाडणाऱ्या आडव्या-उभ्या रेषा. जॉन थॉमस स्मिथ यांनी १७९७ मध्ये हे सूत्र मांडलं ते निसर्गचित्रांपुरतं, म्हणजे आभाळाला किती आणि जमिनीला किती जागा द्यायची, अशा वाटणीसाठी. दीपमाळ समोरून घ्यायची तर खुशाल मधोमध घ्या, फक्त ती खरोखर मधोमध हवी. धड मधे नाही, धड बाजूला नाही, असा फोटो नुसता चुकलेला दिसतो.

प्रश्न: सुवर्ण गुणोत्तराच्या सर्पिलाचं एक पॅक ऑनलाइन मिळतंय. घेऊ का?

घेऊ नका. सुवर्ण गुणोत्तर म्हणजे साधारण १.६ ला १ अशी वाटणी, आणि सर्पिल म्हणजे त्यावर बेतलेली, फोटोवर ठेवून बघायची शंखासारखी वळणरेषा. या गुणोत्तराची रेषा कडेपासून साधारण ३८ टक्क्यांवर पडते, तृतीयांशाची ३३ वर. तेवढ्या फरकासाठी पैसे कशाला? सर्पिल उलटसुलट फिरवलं की कुठल्याही फोटोवर कुठे ना कुठे जुळतंच, आणि जाहिरातीत नेमकं तेच दाखवतात. फोटोत काय खटकतंय ते कळत नसेल, तर जाणत्या छायाचित्रकाराला दाखवा.

प्रश्न: समुद्राचे माझे सगळे फोटो तिरके येतात.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड सुरू करा, म्हणजे पडद्यावर आडव्या-उभ्या रेषा येतील. क्षितिज आडव्या रेषेला समांतर धरा.

प्रश्न: मुलीच्या लग्नाची पत्रिका गर्द हिरव्या रंगावर लाल अक्षरांत केली आहे. फोनवर छान दिसते, पण सासूबाईंना वाचता येत नाही. पाच दिवसांत छापायची आहे. अक्षर मोठं करू का?

रंग बदला. लाल आणि हिरवा विरोधी रंग, म्हणून उठाव येणारच, या ऐकीव ज्ञानाने आजवर पुष्कळ पत्रिकांची वाट लावली आहे. तो विरोध रंगचक्रावरचा. वाचताना डोळा अक्षराची कड पकडतो ती उजळ-गडदाच्या फरकावरून. भडक लाल आणि गर्द हिरवा यांची उजळता इतकी जवळ असते की दोघांचं गुणोत्तर जेमतेम १.३ भरतं. वेबसाइटवरच्या साध्या मजकुराला किमान ४.५ लागतं, असं मानलं जातं. त्यात दोन्ही रंग तीव्र, म्हणून कडा थरथरल्यासारख्या दिसतात. आणि ज्यांना लाल-हिरव्यातला फरकच कळत नाही, अशा पाहुण्यांना तुमचा मुहूर्त दिसायचाच नाही.

कुठलीही रंगसंगती पक्की करण्याआधी पत्रिका काळी-पांढरी करून बघा. फोटोशॉपमध्ये त्यासाठी 'डिसॅच्युरेट' वापरू नका. त्यात शुद्ध लाल, शुद्ध हिरवा, शुद्ध पिवळा सगळे एकाच करड्यावर येतात आणि अंदाज चुकतो. 'इमेज'मधून 'मोड' आणि तिथून 'ग्रेस्केल' निवडा. मग खऱ्या मापात कागदावर छापा, हातभर लांब धरा, डोळे किलकिले करा. मुहूर्ताची ओळ मागच्या रंगात विरघळली तर तो रंग नापास. पिवळ्यावर पांढरं हमखास नापास होतं. मलई रंगावर गर्द मरून अगदी आरामात पास.

देवनागरीत आणखी एक मेख आहे. रफार, अनुस्वार, वेलांट्यांची टोकं हे सगळ्यात बारीक भाग, आणि आधी तेच बुजतात. 'सर्व' मधला रफार गेला की 'सव' उरतं. गडद रंगातून पांढरी अक्षरं कोरून काढली की शाई चारी बाजूंनी आत सरकते, म्हणून तिथे ९ पॉइंटच्या खाली जाऊ नका आणि जाड वळणाचा टाइप घ्या. ओळींमधलं अंतर टाइपच्या दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांवर आदळतात. नाव ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांत फट वाढवू नका, शिरोरेघ तुटते.

"सोनेरी फॉइल मारू, उठून दिसेल," असा सल्ला मिळेल, जादा दरासकट. फॉइल गणपतीला आणि वधूवरांच्या नावांना ठीक आहे. कार्यालयाचा पत्ता त्यात घालू नका, कारण दिव्याखाली पत्रिका थोडी कलली की तो चमकून नाहीसा होतो.

पाच दिवस उरलेत, तर आजच छापखान्यात जा. फोनवर आलेला प्रूफ मंजूर करू नका. पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद फेकत नाही. ज्या कागदावर पत्रिका छापणार, त्याच कागदावरचा प्रूफ मागा आणि तो आधी सासूबाईंच्या हातात द्या.

प्रश्न: घरच्या समूहफोटोची ८ बाय १० प्रिंट काढली, तर टोकाच्या काकांचा अर्धा चेहरा कापला गेला. लॅबची चूक ना?

लॅबने विचारायला हवं होतं, पण मूळ घोळ मापाचा आहे. मोठ्या कॅमेऱ्याची चौकट ३:२, ८ बाय १० म्हणजे ५:४. लांबीतला सहावा हिस्सा जातोच. ८ बाय १२ मागा, पूर्ण चौकट येते. ८ बाय १० चीच फ्रेम आणली असेल, तर पांढरी कड ठेवून पूर्ण चौकट छापून मिळेल का, ते लॅबमध्ये विचारा. मूळ फाइल फोटोग्राफरकडे असेल तर याच आठवड्यात मागून घ्या, ती तिथे जन्मभर राहत नाही.

प्रश्न: मुलगी इंटरमिजिएटला बसतेय. संकल्पचित्रात इंचभरही जागा रिकामी ठेवत नाही. बरोबर आहे का?

नाही. मोकळी जागा हाही एक आकारच असतो. तिला नक्षी सोडून फक्त रिकाम्या जागांच्या बाह्यरेषा ट्रेसिंग पेपरवर काढायला सांगा. नुसत्या चिरफळ्या दिसल्या तर दोन-तीन आकार काढून टाकायला लावा. गुणांचं मात्र शाळेतल्या कलाशिक्षकांनाच विचारा.

प्रश्न: फोनवर काढलेल्या फोटोत नाक मोठं दिसतं. कुठला फिल्टर लावू?

कुठलाच नको. दोष अंतराचा आहे. फोन चेहऱ्यापासून हातभर असला की नाक कानांच्या मानाने फारच जवळ येतं. दीड-दोन मीटर मागे उभं राहा आणि कॅमेऱ्यातला २ एक्स झूम दाबा.