आईला फक्त मराठी येते. कॅलिफोर्नियात द्वेषातून झालेल्या हल्ल्याची तक्रार कशी करावी?

तुम्ही विचारले आहे की, साताऱ्याहून आलेल्या तुमच्या आईला सनीवेलच्या एका बागेत अनोळखी माणसाने ‘गो बॅक’ असे ओरडत धक्का दिला, तिला मराठीखेरीज दुसरी भाषा बोलता येत नाही आणि ती पुढच्या महिन्यात परत जाणार आहे, तर आता पोलिसांकडे जावे का आणि तिच्या व्हिसाला त्याचा त्रास होईल का. माझे उत्तर असे की, जरूर जावे, या आठवड्यातच जावे, आणि आईला तिच्या स्वतःच्या शब्दांत, मराठीत बोलू द्यावे. हे शेवटचे मी अनुभवावरून सांगते आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या घराजवळच्या पायवाटेवर माझ्या सासूबाईंवर असाच प्रसंग आला होता. पोलीस घरी आले तेव्हा मीच दुभाषी झाले. ‘त्याने मला दोन्ही हातांनी लोटले आणि पदर ओढला,’ असे सासूबाई सांगत होत्या आणि मी, गोष्ट वाढवून सांगितल्यासारखे वाटू नये म्हणून, ‘त्याचा त्यांना धक्का लागला’ इतकेच इंग्रजीत सांगितले. अधिकारी गेल्यावर त्या म्हणाल्या, ‘मी एवढे बोलले, तू इतकेसेच काय सांगितलेस?’ पुढे फोनवर दुभाषी मिळाला तो हिंदीचा. त्याने ‘लोटले’ हा शब्द हिंदीतल्या ‘लौटना’सारखा ऐकला आणि ‘त्या परत आल्या’ असे भाषांतर केले. एका क्रियापदावरून हल्ल्याचा फेरफटका झाला! पाच आठवड्यांनी मराठी दुभाषी मागून पुरवणी जबाब दिला, तेव्हा कुठे दोन्ही हात आणि पदर कागदावर आले.

म्हणून मागताना ‘इंडियन लँग्वेज’ असे मोघम न म्हणता ‘मराठी’ हे नाव स्पष्ट घ्या. थांबावे लागले किंवा नंतर फोन करतो म्हणाले तरी चालेल, पण ‘हिंदी चालेल ना?’ याला संकोचाने होकार देऊ नका. पोलिसांकडे सहसा फोनवरून दुभाषी जोडून देणारी सेवा असते. अशा सेवेची एक मोठी सुरुवात तुमच्या शेजारच्या सॅन होजेतच १९८२ साली झाली, कारण व्हिएतनामहून आलेल्या निर्वासितांशी पोलिसांना बोलता येत नव्हते. दुभाषी मागणे म्हणजे कोणाकडून उपकार घेणे नव्हे. केंद्राकडून निधी घेणाऱ्या संस्थेला राष्ट्रीय मूळावरून, म्हणजे माणूस कोणत्या देशातून आला यावरून, भेदभाव करण्यास अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने मनाई आहे आणि भाषेमुळे सेवा नाकारणे त्यात येऊ शकते, आणि सरकारी कार्यालयांच्या द्विभाषिक सेवांसाठी कॅलिफोर्नियाने १९७३ सालीच स्वतंत्र कायदा केला. भाषासाहाय्याविषयीचा २००० सालचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश २०२५ मध्ये मागे घेतला गेला, हे खरे. पण त्यामुळे हे दोन्ही कायदे रद्द झालेले नाहीत.

तातडीचा धोका असेल तरच ९११. घटना होऊन गेली असेल तर शहर पोलिसांच्या बिगरतातडीच्या क्रमांकावर फोन करावा. नोंदीचा क्रमांक मागून घ्यावा, आणि हा द्वेषातून झालेला गुन्हा असल्याची शंका तुम्ही व्यक्त केली आहे, ती अहवालात लिहिली का, हे तिथेच विचारावे. नुसती शिवीगाळ तिथे बहुधा गुन्हा ठरत नाही. धक्का, मारहाण, धमकी किंवा वस्तूंची नासधूस असेल आणि त्यामागे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व असे कारण असेल तर ठरते. त्यामुळे तो माणूस काय बोलला, ही गोष्ट धक्क्याइतकीच महत्त्वाची आहे. आईला इंग्रजी येत नसले तरी कानावर जे पडले ते तिला जसे ऐकू आले तसे उच्चारायला सांगा आणि देवनागरीत उतरवून ठेवा. अर्थ लावण्याच्या भरात शब्द बदलू नका. त्याने कुंकवाकडे किंवा साडीकडे बोट दाखवले असेल तर तेही लिहा. १९८७ साली जर्सी सिटीत भारतीयांवर हल्ले करणाऱ्या ‘डॉटबस्टर्स’ (डॉट म्हणजे टिकली) या टोळीने आपल्या नावासाठी बायकांच्या कपाळावरचे कुंकूच निवडले होते, तेव्हा ही बाब क्षुल्लक समजू नये.

बागेजवळच्या दुकानांत किंवा घरांवर कॅमेरे असतील तर पोलिसांना आजच सांगा, कारण जुने चित्रण काही दिवसांत पुसले जाते. आईचा भारतातला फोन क्रमांक आणि पत्ताही नोंदवून ठेवा, म्हणजे ती गेल्यावरही तिच्याशी संपर्क राहील.

पोलिसांची भीती वाटत असेल तर राज्याच्या नागरी हक्क विभागाने २०२३ मध्ये सुरू केलेली ‘सीए व्हर्सेस हेट’ (म्हणजे द्वेषाविरुद्ध कॅलिफोर्निया) ही सेवा आहे. क्रमांक ८३३-८६६-४२८३, सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ ते संध्याकाळी ६ या वेळेत माणूस बोलतो, एरवी निरोप ठेवता येतो. दुभाष्यामार्फत २०० हून अधिक भाषांत बोलण्याची सोय आहे आणि नाव न सांगताही तक्रार देता येते. ही सेवा पोलिसांची नाही, आणि तुमच्या इच्छेशिवाय तुमची माहिती पोलिसांकडे जात नाही. वकील, समुपदेशन, नुकसानभरपाई यांपैकी काय हवे ते तिथला माणूस समजावून सांगतो आणि पुढेही मागोवा ठेवतो. आईची झोप उडाली असेल तर मी आधी इथेच फोन केला असता.

व्हिसाबद्दल सांगायचे तर, तक्रार देणे हा व्हिसाच्या अटींचा भंग नाही. २०१८ पासून लागू असलेल्या राज्याच्या कायद्यानुसार स्थानिक पोलिसांनी कोणाचीही स्थलांतरविषयक स्थिती विचारायची नसते, आणि द्वेषगुन्ह्याच्या पीडितांना व साक्षीदारांना दंडसंहितेत आणखी वेगळे संरक्षण दिले आहे. तरीही मनात शंका राहिली तर स्थलांतर कायद्याच्या वकिलाशी एकदा बोलून घ्या, पण त्या भेटीसाठी तक्रार अडवून ठेवू नका.

आणि जबाबाच्या वेळी आईजवळ बसा, तिचा हात हातात घ्या, पण मध्ये बोलू नका. दुभाष्याने काही गाळले असे वाटले तर तिचे वाक्य संपल्यावर अधिकाऱ्याला सांगा. शेवटी लिहिलेला जबाब तिला मराठीत परत वाचून दाखवायला सांगा. सासूबाईंनी तसा तो ऐकला, एका ठिकाणी थांबवून ‘पदर नव्हे, पदराचा काठ’ अशी दुरुस्ती करून घेतली, आणि मगच सही केली.