मेकॅनिकल इंजिनीअरिंग करून ऐरोलीत आयटी सपोर्टला लागलास आणि आता आवडत नाहीये, तर

अरे आधी त्रास नक्की कशाचा आहे ते वेगळं काढ. डोंबिवलीहून लटकत ठाण्याला यायचं, तिथून ट्रान्स हार्बर लोकल पकडायची, वर दर महिन्याला शिफ्ट बदलणार, असं असेल तर कुठलंही काम नकोसंच वाटणार ना. महापे, रबाळे, सगळीकडे हेच बघतो, पोरं वैतागलेली असतात टीम लीडला आणि म्हणतात मला आयटीच आवडत नाही.

सध्या एवढंच कर:

- आठवडाभर रोज दोन ओळी लिही, कुठलं काम करताना वेळ कळला नाही आणि कुठलं ढकलत बसलास.
- दुसरं ऑफर लेटर हातात आल्याशिवाय पेपर टाकू नको, म्हणजे राजीनामा देऊ नको.
- नोकरी सोडलीसच तर पीएफ काढू नको, नव्या कंपनीत ट्रान्सफर कर. सलग 5 वर्षं सर्व्हिस व्हायच्या आत काढला तर त्यावर टॅक्स लागतो, आणि हे एचआर सहसा स्वतःहून सांगत नाही.

एमबीए वगैरे नंतर बघू. बऱ्याच जणांना हात बसल्यावर काम आवडायला लागतं. काहींना कधीच नाही आवडत, तेही पगार घेऊन रविवारी ठाण्याच्या गडकरी रंगायतनला नाटक बघतात आणि मजेत असतात, त्यात काय एवढं. तुझी शिफ्ट कुठली आहे ते सांग, मग पुढचं बोलू.