श्रेयांकांच्या कामाला बसण्याआधी

अनेक आशीर्वाद.

पात्रता आराखड्याच्या, म्हणजे पदव्यांचे स्तर आणि श्रेयांक (क्रेडिट) ठरवणाऱ्या, समितीवर तुला घेतलं, याचा मला मनापासून आनंद झाला. हे काम कंटाळवाणं म्हणून बहुतेक जण तरुणांच्या गळ्यात मारतात. पण विद्यापीठ विद्यार्थ्याला नेमकं काय देतं, हे इतक्या उघडपणे विचारायची संधी पुन्हा सहसा मिळत नाही.

सुरुवातीलाच एक चूक टाळ, कारण ती आम्ही केली होती. आम्ही जुना अभ्यासक्रम पुढ्यात ठेवला, शिक्षकांच्या तासिका मोजल्या आणि त्या प्रमाणात श्रेयांक वाटून मोकळे झालो. श्रेयांक मोजायचा असतो तो विद्यार्थ्याच्या वेळाने, आपल्या वेळाने नव्हे. युरोपातली पद्धत बघ. 1989 मध्ये ती देवाणघेवाणीवर जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झाली आणि पुढे श्रेयांक साठवण्यासाठीही वापरली जाऊ लागली. तिथे पूर्णवेळ वर्षाचे 60 श्रेयांक, आणि एका श्रेयांकामागे साधारण 25 ते 30 तासांचं काम. म्हणजे 6 श्रेयांकांचा विषय किमान 150 तासांचा. वर्गात 45 तास गेले, तर उरलेल्या 105 तासांत मुलं काय करणार? वाचन किती, सराव किती, प्रकल्प किती, परीक्षेची तयारी किती? याचं उत्तर प्रत्येक विषयाच्या शिक्षकाकडून लिहून घे. मग एकाच सत्रातल्या सगळ्या विषयांची आठवडावार बेरीज कर. आम्ही ती फार उशिरा केली. तोवर मुलं रात्री जागून प्रकल्प उरकत होती आणि आम्ही त्यांनाच आळशी म्हणत होतो. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

अध्ययन निष्पत्ती, म्हणजे विषय संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे ते, लिहिताना क्रियापदावर अडून बस. ‘विद्यार्थ्याला संख्याशास्त्रीय चाचण्या समजतील’ हे वाक्य कुणीही मंजूर करेल, कारण ते तपासायची वेळ कुणावर येत नाही. ‘दिलेल्या नोंदींसाठी योग्य चाचणी निवडेल, ती का निवडली हे सांगेल आणि तिच्या मर्यादा दाखवेल’ असं लिहिलंस, की शिक्षकाला प्रश्नपत्रिका बदलावी लागते. व्याख्या विचारून भागत नाही. निष्पत्ती, शिकवणं आणि मूल्यमापन एका ओळीत यायला हवं, हे शिक्षणतज्ज्ञ जॉन बिग्ज यांनी 1996 मध्ये नीट मांडलं. तरी आजही निष्पत्ती नव्या आणि प्रश्नपत्रिका जुनी असं अनेक ठिकाणी चालतं. म्हणून माझा आग्रह आहे की अभ्यासमंडळापुढे निष्पत्तींसोबत नमुना प्रश्नपत्रिका ठेव. ती नसेल, तर विषय पुढच्या बैठकीवर ढकल. रोष पत्करावा लागेल, तो पत्कर.

स्तरांबद्दल थोडक्यात सांगतो. युरोपीय पात्रता आराखड्यात आठ स्तर आहेत. पदवी सहाव्यावर, पदव्युत्तर सातव्यावर, पीएच.डी. आठव्यावर. पदवीच्याच निष्पत्तीला ‘सखोल’ हा शब्द जोडून स्तर वाढत नाही. प्रश्न किती अनोळखी आहे आणि विद्यार्थी किती स्वतंत्रपणे तो हाताळतो, हे पाहा.

आता सर्वांत अवघड जागा. श्रेयांक पूर्ण मिळतो किंवा मिळत नाही. गुण कमीजास्त झाले म्हणून श्रेयांक घटत नाहीत. मग चार निष्पत्तींपैकी एकीला हातही न लावता बाकी तिघींच्या गुणांवर पास झालेल्या मुलीला श्रेयांक द्यायचा का? आपण कागदावर लिहून देतो की तिला हे चारही जमतं. आमच्याकडे यावर दोन सत्रं वाद झाला. शेवटी ज्या निष्पत्तीवाचून पुढचा विषय उभाच राहत नाही, तिथे स्वतंत्र उत्तीर्णतेची अट घातली आणि बाकी ठिकाणी बेरीज चालू ठेवली. मला आजही हाच मार्ग बरा वाटतो. पण तुम्ही तो वाद स्वतः घाला, आमचा निर्णय उचलू नका.

कारण तो कागद परक्या विद्यापीठात जाणार आहे. परदेशी पात्रतांच्या मान्यतेबाबतच्या 1997 च्या लिस्बन करारानुसार, बाहेरची पात्रता नाकारायची तर ती आणि आपली पात्रता यांत लक्षणीय फरक आहे हे दाखवण्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावर असते. तिथला माणूस तुझ्या विद्यार्थिनीला ओळखत नाही. त्याच्या हाती फक्त तुझी वाक्यं असतील.

पहिल्या विषयाचा मसुदा झाला की तासांच्या तक्त्यासकट पाठव. मी पेन्सिल घेऊन बसतो.