वाचक विचारतात: रस्त्याची बाजू बदलली की हेडलाईटचं काय करायचं?

या वेळी तीन पत्रं घेतलीत, तिन्ही हेडलाईटची. पहिलं वाचल्यावर वाटेल हे इंग्लंडचं काम, आपल्याला काय करायचंय, पण दुसरं निपाणीचं वाचलं की कळेल तोच घोळ आपल्या हायवेवर पण चालू आहे.

आमची मुलगी आणि जावई इंग्लंडात लेस्टरला असतात. मे महिन्यात स्वतःची गाडी घेऊन फ्रान्स, जर्मनी फिरणार आहेत, समुद्राखालच्या बोगद्यातून रेल्वेवर चढवून गाडी पलीकडे नेता येते म्हणे. जावई म्हणतात हेडलाईटला स्टिकर लावायला पाहिजेत, नाहीतर तिकडे दंड होतो. मला काही कळेना. स्टेअरिंग उजवीकडे आहे ते काही बदलत नाहीत, मग लाईटलाच काय झालं? आणि ते दिवसाच गाडी चालवणार, तरी पाहिजेच का?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

काका, जावईबापू बरोबर सांगतायत, आणि तुम्ही विचारलंत ते बरं केलंत कारण वीस-वीस वर्षं गाडी चालवणाऱ्यांना पण हे माहीत नसतं. आपल्याला वाटतं डिपर म्हणजे फक्त लाईट खाली पडतो. तसं नाही. डिपरचा लाईट वाकडा असतो, आणि तो मुद्दाम वाकडा केलेला असतो.

सांगून पटणार नाही, आज रात्री जेवण झालं की स्वतः बघा. गाडी गल्लीतल्या एखाद्या बंद दुकानाच्या शटरसमोर सात-आठ पावलांवर सरळ उभी करा, जमीन सपाट बघा, डिपर लावा आणि एका लाईटवर पुठ्ठा धरायला नातवाला उभा करा म्हणजे एकाच लाईटचा उजेड शटरवर दिसेल. शटरच्या आडव्या पट्ट्या म्हणजे आयती आखलेली वहीच की. उजव्या अंगाला बघा, उजेड एका पट्टीवर कात्रीने कापल्यासारखा थांबतो, त्याच्या वर अंधार. नजर मधे आणा, तिथून तीच रेघ डावीकडे वर चढायला लागते, एक पट्टी, दोन पट्ट्या, चार पट्ट्या. हा चढ साधारण १५ अंशांचा असतो. काही नव्या गाड्यांत तिरकी रेघ नसते, पायरीसारखी उडी असते, पण काम तेच.

आता हे असं का, तर आपण डावीकडून चालतो. समोरची गाडी आपल्या उजव्या हाताला येते, तिच्या ड्रायव्हरच्या डोळ्यात उजेड जाऊ नये म्हणून उजवीकडे रेघ खाली. आणि डाव्या कडेला कोण असतं? चालणारी माणसं, सायकली, सौंदत्तीला यल्लम्माला पायी निघालेले, गळीत हंगामात उसाच्या बैलगाड्या आणि मागे एक लाल दिवासुद्धा नसलेल्या ट्रॉल्या. ते लांबून दिसावेत म्हणून डावीकडे उजेड वर. मला विचाराल तर आख्ख्या गाडीत इतकी माणुसकीची गोष्ट दुसरी नाही, एकाच लाईटमधे समोरच्याचे डोळे पण सांभाळलेत आणि कडेच्या माणसाचा जीव पण.

इंग्लंडात आपल्यासारखंच डावीकडून चालतात म्हणून तिथल्या गाडीचा लाईट पण डावीकडे चढणारा. तीच गाडी फोकस्टनला रेल्वेत चढली की ३५ मिनिटांत फ्रान्सच्या कॅलेला उतरते, आणि तिथे सगळं उजवीकडून. आता डावीकडे काय आहे? समोरून येणारी गाडी. म्हणजे जो उजेड आपण कडेच्या माणसासाठी वर चढवला होता तो बरोबर समोरच्याच्या डोळ्यात, आणि खरी कड जी आता उजवीकडे गेली तिथे अंधार. दोन्हीकडून नुकसान. स्टेअरिंग उजवीकडे राहिलं तर त्रास फक्त आपल्याला, ओव्हरटेक करताना पुढचं दिसत नाही एवढंच, पण लाईटचा त्रास दुसऱ्याला होतो म्हणून तिकडे कायदा लाईटला धरतो.

स्टिकर म्हणजे हेडलाईटच्या काचेवर बाहेरून चिकटवायचा प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा, त्यात बारीक खाचा असतात, त्या वर चढणारा उजेड वळवून खाली पाडतात. काही गाड्यांना तेवढ्या भागावर काळी पट्टीच लावतात, उजेड अडवायचा आणि काय. महाग काही नाही, तिकडे दुकानात मिळतात. पण जावईबापूंना एक नक्की सांगा, स्टिकर काचेवर कुठेही चिकटवून चालत नाही. गाडीच्या मॉडेलप्रमाणे जागा ठरलेली असते, पाकिटावर चित्र असतं, डाव्या लाईटची जागा वेगळी आणि उजव्याची वेगळी. अंदाजाने लावलं तर स्टिकर पण लागला आणि उजेड पण डोळ्यात गेला असं होतं. लावायच्या आधी काच पुसून कोरडी करायची, लाईट गरम असताना लावायचं नाही, आणि परत इंग्लंडात उतरल्या उतरल्या काढायचं. ते राहिलं तर इंग्लंडात परत उलटं, आणि आजकालच्या काचा प्लॅस्टिकच्या, उष्णतेने गोंद बसला की डाग जात नाहीत.

पण स्टिकर घ्यायच्या आधी गाडीचं पुस्तक उघडून बघायला सांगा. बऱ्याच नव्या गाड्यांत स्क्रीनवरच्या सेटिंगमधे टुरिस्ट मोड किंवा ट्रॅव्हल मोड असा पर्याय असतो, तो लावला की चढ जातो आणि रेघ दोन्हीकडे सपाट होते. काही प्रोजेक्टर लाईटना मागच्या बाजूला छोटा खटका असतो तो फिरवायचा. काहींचा लाईट आधीच इतका सपाट असतो की काहीच करावं लागत नाही, तसं पुस्तकात लिहिलेलं असतं. नाहीच काही मिळालं तर मग स्टिकर. आणि डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांची जी चकती असते ना, ती फिरवून भागेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, ती मागे वजन भरल्यावर लाईट खाली करायला असते, तिचा डाव्या-उजव्याशी संबंध नाही. अप्परला मात्र काही करायला नको, तो दोन्हीकडे सारखाच असतो.

दिवसाच चालवणार म्हणालात. मे महिन्यात तिकडे अंधार उशिरा पडतो हे खरं, पण पाऊस आहे, डोंगरातले बोगदे आहेत, काही देशांत दिवसापण लाईट लावायचा नियम आहे. लावूनच जाऊ दे.

जाता जाता एक सांगतो. स्वीडनमधे १९६७ पर्यंत डावीकडून चालायचे, ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे सगळा देश उजवीकडे गेला, आणि तेव्हा गाड्यांचे हेडलाईट पण बदलावे लागले होते. आपल्या शेजारी गोव्यात पोर्तुगीज होते, पोर्तुगाल १९२८ मधे उजवीकडे गेलं पण गोवा डावीकडेच राहिला, नाहीतर बेळगावहून गोव्याला जाणाऱ्या गाड्यांना पण सीमेवर बाजू बदलावी लागली असती.

माझ्या एसयूव्हीचा उजवा हेडलाईट तवंदी घाटात ट्रकला घासून फुटला. नवीन फार महाग पडत होता, म्हणून परदेशातून उतरलेल्या गाडीचे दोन्ही लाईट ऑनलाईन घेतले, निम्म्या किमतीत. मॉडेल तेच, बसले पण बरोबर. पण आता समोरून येणारा प्रत्येकजण मला अप्पर मारतो, एकाने तर गाडी थांबवून शिव्या दिल्या. गॅरेजवाल्याने स्क्रू फिरवून लाईट खाली केला तर मलाच रस्ता दिसत नाही. काय करू?
– एक वाचक, निपाणी

दादा, वरच्या काकांचं उत्तर आधी वाचा, तुमचं दुखणं तेच आहे, फक्त उलट बाजूने. बहुतेक तुम्हाला उजवीकडून चालणाऱ्या देशाचे लाईट मिळालेत.

खात्री घरीच करता येईल. गाडीसमोर लाईटकडे तोंड करून उभे राहा आणि काचेवर कोपऱ्यात बारीक अक्षरं कोरलेली असतात ती मोबाईलच्या टॉर्चने बघा. गोलात इंग्रजी ई आणि एक आकडा असेल तर तो युरोपच्या पद्धतीच्या मंजुरीचा शिक्का, त्याच्याजवळ बाण आहे का ते शोधा. बाण तुमच्या उजव्या हाताकडे दाखवत असेल, म्हणजे गाडीच्या डाव्या अंगाला, तर लाईट आपल्यासारख्या डावीकडून चालणाऱ्या देशाचा. दोन्हीकडे टोक असलेला बाण म्हणजे दोन्हीकडे चालणारा. आणि ई आहे पण बाणच नाही तर तो फक्त उजवीकडून चालणाऱ्या देशाचा. बाण नाही म्हणजे काही अडचण नाही असा लोकांचा समज होतो, ते बरोबर उलट आहे, म्हणून मुद्दाम सांगतोय. शिक्का पुसट असेल तर शटरची परीक्षा करा, रेघ उजवीकडे चढली की विषय संपला.

गॅरेजवाल्याची चूक नाही, त्याच्या हातात दोनच स्क्रू आहेत, एक वर-खाली आणि एक डावी-उजवी. त्याने आख्खा उजेड सरकतो पण रेघेचा आकार बदलत नाही. चढ चुकीच्या बाजूला आहे तो चुकीच्याच बाजूला राहणार, मग समोरच्याच्या डोळ्यातून काढायचा तर लाईट इतका खाली घ्यावा लागतो की तुमच्यासमोर चार वावच उजेड उरतो आणि डावी कड तर त्याहून काळी. हंगामात कोगनोळी ते संकेश्वर या पट्ट्यात रात्री हायवेला उसाची वाहनं किती असतात ते तुम्हाला मी काय सांगू, त्या कडेलाच तुमचा लाईट आंधळा आहे.

कायदा पण यात स्पष्ट आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १०६ वा नियम आहे, गाडीसमोर ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला दिपवणारा लाईट चालत नाही. हा कोण माणूस आहे ते डोळ्यासमोर आणून बघा, समोरून येणारा ड्रायव्हरच तो. आणि डिपर खाली, किंवा खाली आणि डावीकडे वळणारा पाहिजे असंही त्यातच आहे. उजवीकडे वळणारा नाही.

स्टिकर लावून चालेल का असं तुमच्या मनात येईल. चार दिवसांच्या प्रवासाला ठीक, कायमचं नाही, उजेडाचा तेवढा भाग वाया जातो आणि रोजच्या उन्हात स्टिकर टिकत नाही. परत करता येत असतील तर आजच परत करा. नाहीतर इथल्याच अपघातात गेलेल्या गाडीचा चांगला लाईट शोधा, कोल्हापूरला, पुण्याला जुन्या पार्टच्या बाजारात फिरलात तर मिळतो, फक्त काचेवरचा शिक्का बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मिळेपर्यंत रात्रीचा लांबचा प्रवास टाळा. पैसे गेल्याचं वाईट वाटणारच, मला कळतं, पण समोरून येणाऱ्या दुचाकीवर मागे लेकरू घेऊन बसलेली बाई असते आणि दोन सेकंद तिच्या नवऱ्याला काही दिसत नाही.

आमच्या छोट्या कारला ह्यांनी हॅलोजन काढून जास्त उजेडाचे एलईडी बल्ब टाकलेत. बेळगावात छान वाटतात पण जांबोटी-कणकुंबीकडून चोर्ल्याला जाताना पावसाळ्यात धुक्यात समोर नुसती पांढरी भिंत दिसते. ह्यांना पटवून सांगा.
– एक वाचक, खानापूर

ताई, त्यांना जुना बल्ब हातात घेऊन बघायला सांगा, टाकून दिला नसेल तर. छोट्या कारला बहुतेक एच-फोर बल्ब असतो. आत दोन तारा दिसतील, एक अप्परची, एक डिपरची, आणि डिपरच्या तारेखाली नखाएवढी पत्र्याची वाटी. त्या वाटीची एक कड तिरकी असते. वर जो डावीकडचा चढ सांगितला ना, तो तुमच्या गाडीत त्या नखाएवढ्या कडेतून येतो. तार आणि वाटी केसभर इकडे-तिकडे झाली तरी शटरवरची रेघ बिघडते. हॅलोजनसाठी केलेल्या लाईटमधे बाहेरचा एलईडी टाकला की त्याचे दिवे त्या तारेच्या जागी नेमके बसत नाहीत, मग उजेड भरपूर पण रेघ नाही, सगळा वर फवारल्यासारखा उडतो. धुक्यात वर उडालेला उजेड पाण्याच्या थेंबांवर आपटून परत आपल्याच डोळ्यात येतो, तीच तुमची पांढरी भिंत. कंपनीतूनच एलईडी लाईट येतात त्यांची गोष्ट वेगळी, त्यांचा आख्खा लाईटच तसा बनवलेला असतो.

तर साधा ६०/५५ वॅटचा हॅलोजन परत बसवा, ९०/१०० चा नको, वायरिंग आणि रिफ्लेक्टर दोन्ही भाजतात. बल्बला तीन कान असतात, ते एकाच पद्धतीने खाचेत बसतात, जोर लावून उलटा घालू नका, आणि काचेला बोट लावू नका, तेलकट डाग राहिला की बल्ब लवकर जातो. मग चोर्ल्यात धुकं लागलं की अप्पर बंद, फक्त डिपर, खाली फॉग लॅम्प असतील तर ते, आणि डावीकडची पांढरी पट्टी धरून सावकाश.