वारली चित्र, सागवानी झोपाळा आणि भिंतींचा विमा

पत्र: गेल्या वर्षी नाशिकला गंगापूर रोडवर आम्ही फ्लॅट घेतला. मिस्टरांचं वय 44, माझं 41, मुलं 12 आणि 7 वर्षांची. दोघांचे मिळून हातात 1 लाख 70 हजार येतात, त्यात माझे 35 हजार. घरकर्ज 58 लाख बाकी, हप्ता 50 हजार. घर छापील फ्रेमांनी न भरता खऱ्या कलेनं सजवायचं आहे. डेकोरेटरनं दिलेली यादी अशी: वाड्यातला सागवानी झोपाळा, पितळी कड्यांसह 1 लाख 40 हजार, वाड्याचे कोरीव खांब वापरून केलेलं कन्सोल (भिंतीलगतचं अरुंद टेबल) 1 लाख 30 हजार, रविवर्मा प्रेसची दोन मूळ चित्रं 1 लाख 10 हजार, 200 वर्षं जुना दगडी गणपती 90 हजार, मोठं वारली चित्र 65 हजार, चित्रकथीच्या (चित्रं दाखवून गोष्ट सांगायच्या लोककलेतल्या) चार फ्रेम 35 हजार, ग्रामोफोन 30 हजार. एकूण 6 लाख. तो म्हणतो, कला दर वर्षी 15 टक्क्यांनी वाढते, त्यामुळे हा खर्च नाही, गुंतवणूक आहे. मिस्टरांच्या पीपीएफमध्ये 9 लाख आहेत, अकरावं वर्ष चालू आहे. ते मोडू, की घरकर्जावर 9 टक्क्यांनी टॉप-अप घेऊ? बाकी काळजी नाही. घरकर्जाला बँकेचा विमा आहे, कंपनीचा 15 लाखांचा ग्रुप विमा आहे आणि बँकेच्याच सांगण्यावरून, ‘एफडीपेक्षा चांगली’ म्हणून, एक गॅरंटीड इन्कम पॉलिसी घेतली आहे: वर्षाला 2 लाख, दहा वर्षं, नंतर 20 लाखांचे 36 लाख मिळणार. तीन हप्ते भरून झाले. मिस्टरांना बीपीची गोळी सुरू आहे, पण तब्येत ठणठणीत. कागद सोबत जोडले आहेत.

उत्तर: ताई, पीपीएफ मोडू नका आणि टॉप-अपही घेऊ नका. खरं तर पीपीएफमधून 6 लाख निघणारच नाहीत. चार वर्षांपूर्वीची किंवा गेल्या वर्षअखेरची शिल्लक, यांतली जी कमी असेल तिच्या निम्मी रक्कमच काढता येते. तुमच्या आकड्यांवरून ती अडीच लाखांच्या आसपास येईल. मुदतीआधी खातं बंद करायला आजारपण किंवा उच्च शिक्षणासारखं कारण लागतं, झोपाळा चालत नाही. आणि 9 टक्क्यांनी 6 लाखांचा टॉप-अप पंधरा वर्षांसाठी घेतलात, तर महिना 6,100 प्रमाणे 11 लाख फेडाल.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे येतो. तुम्ही जोडलेला ‘घरकर्जाचा विमा’ मी दोनदा वाचला. त्यात आग, भूकंप, पूर, वीज असं सगळं आहे. तुमच्या यजमानांचं नाव फक्त मालक म्हणून आहे. हा इमारतीचा विमा आहे. भिंत पडली तर पैसे मिळतील, पण हप्ता भरणारा माणूस गेला तर या कागदावर एक रुपया मिळणार नाही आणि बँक पुढच्या महिन्यात 50 हजार मागेल. तुमचा पगार 35 हजार. ‘कर्जाला विमा आहे’ असं तुम्हाला काउंटरवर कुणी सांगितलं असेल, तर त्याला हा फरक नक्कीच माहीत होता.

मग आज हाताशी किती आहे? यजमान गेले तर गॅरंटीड पॉलिसीतून मिळणारे 20 लाख आणि ग्रुप विम्याचे 15, म्हणजे 35 लाख. कर्जच 58 लाखांचं आहे. किराणा, शाळा, कॉलेज यांचा विषय अजून निघालेलाही नाही. शिवाय ग्रुप विमा नोकरी आहे तोवरच. कर्ज 58, घरखर्चासाठी 1 कोटी, मुलांच्या शिक्षणाला 30 लाख धरा. माझ्या हिशेबानं यजमानांना सुमारे 1 कोटी 90 लाखांचा साधा टर्म विमा हवा, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा. 44 व्या वर्षी त्याला वर्षाला 50 हजारांच्या आसपास लागतील, बीपीमुळे थोडे जास्तही. गोळीचा उल्लेख अर्जात करायचाच. एजंट ‘लिहू नका, हप्ता वाढेल’ म्हणाला, तर दुसरा एजंट शोधा. लपवलेली गोळी दाव्याच्या वेळी बाहेर येते.

पैसे कुठून आणायचे? त्याच ‘20 लाखांचे 36 लाख’वाल्या पॉलिसीतून. दहा वर्षं भरायचं आणि बाराव्या वर्षापासून पुढे दहा वर्षं दर वर्षी 3 लाख 60 हजार घ्यायचे, असं कागदावर आहे. म्हणजे तुमचा प्रत्येक रुपया सरासरी बारा वर्षं अडकतो आणि त्याचे 1 रुपया 80 पैसे होतात. 6 टक्क्यांनी पैसा बारा वर्षांत दुप्पट होतो. इथे दुप्पटही नाही, म्हणजे दर 5 टक्के. बँकेतल्या गृहस्थानं ‘एफडीपेक्षा चांगली’ म्हणून विकली म्हणता! पीपीएफला आज 7.1 टक्के आहेत आणि तेही करमुक्त. तुम्ही 7.1 टक्क्यांचं मोडायला निघालात आणि 5 टक्क्यांचं जपताय.

भरलेले 6 लाख क्षणभर विसरा. पुढचे सात हप्ते, म्हणजे 14 लाख, भरल्यानं जे जादा मिळेल त्याचा दर सहा टक्क्यांच्या वर जात नाही. कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी आत्ता मोडली तर मिळणारी रक्कम) आणि पेड-अप व्हॅल्यू (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर पुढे मिळणारी), दोन्ही लेखी मागवा. तोंडी आकडा घेऊ नका. सरेंडरमध्ये बराच पैसा बुडेल, म्हणून माझा कल पेड-अपकडे आहे. हप्ते थांबतील आणि भरल्याच्या प्रमाणात पैसे ठरल्या वेळी मिळतील. मात्र पेड-अप केल्यावर या पॉलिसीतलं 20 लाखांचं संरक्षणही त्याच प्रमाणात घटेल. तेव्हा आधी टर्म विमा हातात येऊ द्या, मगच पेड-अपचा अर्ज द्या. मधे हप्त्याची तारीख आली तर सवलतीचे दिवस वापरा. वाचलेल्या 2 लाखांतले 50 हजार टर्मला आणि दीड लाख तुमच्या स्वतःच्या नावानं पीपीएफ उघडून त्यात.

आता यादी. 15 टक्के दरवाढ म्हणजे दहा वर्षांत चौपट. तुमचं 65 हजारांचं वारली चित्र तेव्हा 2 लाख 60 हजारांना जायला हवं. घेणार कोण? डेकोरेटरला विचारा, आज त्यानं विकलेली वस्तू पुढच्या वर्षी 15 टक्के वाढवून तो परत घेईल का. लिहून देत असेल तर मला कळवा, मीही घेतो.

कला घरात हवी यात वाद नाही. तुमची नजर चांगली आहे. पण तिला खर्च म्हणा आणि नेमकं काय घेतोय ते बघा. वारली चित्रं मुळात गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नात काढली जात. कागदावर आणि कापडावर ती 1970 च्या दशकात आली. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यानंतर तर शहरांतून मागणी वाढली. जव्हार नाशिकपासून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल इतकं जवळ आहे. जव्हार-डहाणूकडे जाऊन चित्रकाराकडूनच घ्या, त्याची सही आणि पावती घ्या. चित्रकथीसाठी कुडाळजवळच्या पिंगुळीला जा. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 ची पद्मश्री आहे. कोकणात जाताच आहात, तर सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफाही (हातानं रंगवलेले गोल पत्ते) बघून घ्या. मधला माणूस वगळलात की तेवढाच पैसा करणाऱ्याच्या हातात जातो.

रविवर्मा प्रेसचं ‘मूळ’ हा शब्द जपून वापरायचा. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि नंतर लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेलेला हा छापखाना. देवादिकांची चित्रं घरोघरी पोचावीत म्हणूनच तो काढला, त्यामुळे प्रती भरपूर निघाल्या. रविवर्मा 1906 मध्ये गेले, छपाई पुढेही चालू होती. चांगलं भिंग घेऊन बघा. सारख्या अंतरावरच्या ठिपक्यांची जाळी दिसली तर ती अलीकडची छपाई आहे, मग कडा कितीही पिवळ्या पडलेल्या असोत. शिळाछापात, म्हणजे त्या काळच्या दगडावरून केलेल्या छपाईत, ठिपके वेडेवाकडे असतात. ही परीक्षा पास न झालेली चित्रं 1 लाख 10 हजारांना घेऊ नका.

ग्रामोफोनचं तर सोडूनच द्या. मुंबईच्या चोर बाजारापासून सगळीकडे नवा चकचकीत कर्णा, जुनाट दिसणारी पेटी आणि कुठूनतरी आणलेलं यंत्र जोडून ते विकतात. मुलं आठवडाभर चावी फिरवतील, नंतर धूळ पुसायचं काम तुमचं.

झोपाळा मला पटतो. जुनं सागवान नव्यापेक्षा टिकाऊ निघतं आणि तो रोज वापरात राहील. कड्या छताला लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, स्लॅबमध्ये कुठेही हूक मारून चालत नाही. लाकडाला वाळवी-कीड नाही ना, हे उलटं करून बघा. कन्सोल पुढच्या वर्षी घेता येईल. महिना 20 हजार बाजूला टाकलेत तर सात महिन्यांत झोपाळा रोखीनं येतो.

कराचंही एक सांगून ठेवतो. वापरातलं फर्निचर पुढे विकलं तर ते घरगुती वस्तूंमध्ये मोडतं, नफ्यावर कर नाही. चित्रं आणि शिल्पांना ही सवलत नाही. दोन वर्षांहून जास्त ठेवून विकल्यास नफ्यावर साडेबारा टक्के लागतात. अर्थात, त्यासाठी आधी नफा व्हायला हवा.

राहिला दगडी गणपती. 100 वर्षांपेक्षा जुनं शिल्प 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येतं. विकणाऱ्याकडे परवाना लागतो, मूर्तीची नोंदणी लागते आणि मालक बदलला की नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. डेकोरेटरकडे हे कागद असतील असं मला वाटत नाही. मूर्ती खरंच 200 वर्षांची असेल तर ती कुठल्या देवळातून आली, हा प्रश्न पोलीस तुम्हाला विचारतील. नवी असेल तर 90 हजार कशाचे? दोन्ही बाजूंनी नकोच.

आणि तो भिंतींचा विमा फेकू नका. त्यात फक्त इमारत आहे की सामानही, ते बघा. सामानाचं कलम असलं तरी चित्रं आणि कलावस्तू त्यात बहुतेक वेळा आपोआप येत नाहीत, मौल्यवान वस्तूंचं ऐच्छिक कलम वेगळं घ्यावं लागतं. वारली चित्र घरात आलं की पावती जोडून तसं कळवा. यजमानांचा टर्म विम्याचा अर्ज मात्र याच आठवड्यात भरा, वैद्यकीय तपासणीला वेळ जातो.